दुरुस्ती अर्ज कोर्टाबाहेरच्या टायपिंग सेंटरवर करून घ्यावा का? जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या सेवेचं परीक्षण

जिल्हा न्यायालय असो की तालुक्याचं कोर्ट, फाटकाबाहेर 'टायपिंग, झेरॉक्स, स्टॅम्प, नोटरी' अशी पाटी असतेच. घटस्फोट, नांदायला येण्याचा अर्ज, खावटी (पोटगी), मुलांचा ताबा अशा कामांत आधी दाखल केलेल्या अर्जात किंवा कैफियतीत (समोरच्या पक्षाच्या लेखी उत्तरात) काही बदलायचं असलं की बरेच लोक थेट तिथे जातात. दुकानदार 'दुरुस्ती अर्ज' नावाचं एक तयार पाकीट देतो: एक पानाचा अर्ज, एक प्रतिज्ञापत्र, तीन प्रती आणि मागितलं तर ई-फायलिंगसाठी पीडीएफ. हे परीक्षण त्या पाकिटाचं आहे. एका विशिष्ट दुकानाचं नाही, कारण तिन्ही जिल्ह्यांत फिरणारा नमुना जवळजवळ एकच आहे.

निकाल आधीच सांगतो. नावाची वेलांटी, पत्ता, वय, लग्नाची तारीख अशा किरकोळ दुरुस्तीला ही सेवा पुरते. घटस्फोटाचा नवा आधार घालायचा असेल, नवी मागणी जोडायची असेल किंवा पुरावा सुरू झाल्यावर काही आठवलं असेल, तर हा नमुना जसाच्या तसा देऊ नका. अर्ज नामंजूर होतो, आणि मंजूर झाला तरी पुढची पायरी चुकून वाया जातो.

या दुकानांवर कौटुंबिक कामांची गर्दी असण्याला कारण आहे. कुटुंब न्यायालय कायदा १९८४ च्या कलम १३ प्रमाणे पक्षकाराला वकील हा हक्क म्हणून मिळत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. जळगावच्या कौटुंबिक न्यायालयात त्यामुळे बरेच जण स्वतःच उभे राहतात. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे हेच काम दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतं, आणि तिथे वकील असला तरी कागद अनेकदा बाहेरच टाइप होतो.

चांगलं काय, तेही सांगायला हवं. टायपिंग स्वच्छ असतं. कोर्टाची मराठी या लोकांच्या हातात मुरलेली आहे: अर्जदार, सामनेवाला (समोरचा पक्ष), निशाणी (कागदाला कोर्टाने दिलेला क्रमांक), 'से' (अर्जावरचं समोरच्याचं लेखी म्हणणं), पर्सिस (न्यायालयाला माहिती देणारा लेखी कागद), सगळं जागच्या जागी येतं. मथळ्यात न्यायालयाचं नाव, हिंदू विवाह अर्जाचा क्रमांक आणि पुढची तारीख सहसा चुकत नाही. 'भाऊ, उद्या तारीख आहे' म्हटलं की संध्याकाळपर्यंत कागद हातात. चोपडा किंवा अक्कलकुव्याहून एसटीने आलेल्या माणसाला ही सोय फार मोठी आहे.

आता पाकीट उघडून पाहू. मजकूर साधारण असा असतो:

'अर्जदार यांचे अर्जात काही मजकूर नजरचुकीने नमूद करावयाचा राहून गेलेला आहे. सदर दुरुस्ती न्यायाच्या दृष्टीने आवश्यक आहे. दुरुस्तीमुळे अर्जाचे स्वरूप बदलत नाही. सामनेवाला यांचे कोणतेही नुकसान होणार नाही. तरी दुरुस्तीस परवानगी मिळावी, ही विनंती.'

यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. पण नेमकं काय बदलायचं, ते कुठे जाईल आणि आत्ताच का, या तीन प्रश्नांचं उत्तर यात नाही. न्यायाधीश तेच तीन प्रश्न विचारतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम १७ खाली परवानगी मिळते ती ठराविक शब्दांना, 'काही मजकूर' घालायला मिळत नाही. सामनेवाल्यालाही कशावर 'से' द्यायचा ते कळलं पाहिजे, नाहीतर एक तारीख फक्त 'दुरुस्तीचा तपशील द्या' एवढ्यावरच जाते.

म्हणून अर्जाला परिशिष्ट जोडायला सांगा. टायपिस्टला ते कसं हवं हे दाखवावं लागतं. असं:

'मूळ अर्जातील कलम ३, ओळ ४ मधील "मे २०२१" हे शब्द वगळून त्या जागी "मार्च २०२१" असे वाचावे. कलम ७ नंतर खालील नवीन कलम ७अ समाविष्ट करावे: (पूर्ण मजकूर). विनंती कलम (ब) नंतर (ब-१) समाविष्ट करावे: (पूर्ण मजकूर).'

अर्जातल्या जुन्या कलमांचे, म्हणजे परिच्छेदांचे, क्रमांक हलवू नका. ८ चं ९ केलं की समोरच्याच्या कैफियतीतली सगळी उत्तरं एका घराने सरकतात, आणि उलटतपासात गोंधळ होतो. ७अ, ७ब असंच ठेवायचं. नवी हकीकत घातली आणि विनंती कलमात तिची मागणी घातली नाही, ही या पाकिटांतली सगळ्यात जास्त दिसणारी चूक. स्त्रीधनाच्या वस्तूंची यादी कलम ९अ मध्ये येते, पण 'त्या परत द्याव्यात' हे शेवटी कुठेच नसतं. मग निकालात ते मिळणार कसं?

परिशिष्टात पुरावा भरू नका, हकीकत लिहा. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट, बँकेच्या नोंदी, फोटो हे दस्त यादीसोबत वेगळे जातात. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, तेही वेगळं. दुकानात सगळं एका गठ्ठ्यात बांधून 'दुरुस्ती अर्ज' म्हणून देतात. त्यामुळे कागद जाड दिसतो, एवढाच त्याचा उपयोग.

'आत्ताच का' हा प्रश्न तर नमुन्यात येतच नाही, आणि खरी लढाई तिथेच असते. १ जुलै २००२ पासून नियम १७ ला परंतुक जोडलेलं आहे: खटल्याची सुनावणी सुरू झाल्यानंतर दुरुस्ती मागायची असेल, तर योग्य ती काळजी घेऊनही ही गोष्ट आधी मांडता आली नसती, अशी न्यायालयाची खात्री पटवावी लागते. सरतपासाचं प्रतिज्ञापत्र (साक्षीदाराची स्वतःच्या बाजूने दिलेली लेखी साक्ष) दाखल झालं की सुनावणी सुरू झाली, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये धरलं आहे. काही ठिकाणी मुद्दे (न्यायालयाने ठरवायचे वादाचे प्रश्न) काढले की सुनावणी सुरू, असाही आक्षेप घेतला जातो. म्हणून मुद्दे निघण्याआधी अर्ज पडलेला सगळ्यात बरा. दुकानात जाण्यापूर्वी रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टातली नोंद) पाहा. प्रत्येक खटल्याला मिळणारा १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर काम कोणत्या टप्प्यावर आहे ते दिसतं.

पुरावा सुरू झाला असेल तर 'नजरचुकीने' हा शब्द अर्जातून काढून टाका. नजरचूक म्हणजेच काळजी घेतली नाही, असा अर्थ समोरचा वकील लावतो आणि त्याचं म्हणणं खोडता येत नाही. त्याऐवजी तारखा लिहा: गोष्ट केव्हा घडली, अर्जदाराला केव्हा कळली, कशावरून कळली, त्यानंतर किती दिवसांत अर्ज दिला. उदाहरणार्थ, नवऱ्याच्या नावावर रावेर तालुक्यात केळीची बागायत जमीन आहे हे खाते उतारा काढल्यावर कळलं, तर उताऱ्यावरची तारीख अर्जात आली पाहिजे आणि गट क्रमांकही. दावा दाखल झाल्यानंतर घडलेल्या गोष्टींना हा अडथळा तुलनेने कमी. मारहाण, धमकी, दुसरं लग्न असं काही नंतर घडलं असेल तर ते 'अर्जानंतरची घटना' म्हणून स्पष्ट लिहावं. आधीच्या हकीकतीत मिसळू नये.

एका बाबतीत मात्र दुरुस्ती उपयोगाची नसते, आणि दुकानात हे कोणी सांगत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली त्याग हा आधार घ्यायचा तर अर्ज दाखल करण्याच्या लगेच आधीची सलग दोन वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात. समजा, पत्नी १५ मार्च २०२२ रोजी माहेरी गेली आणि अर्ज १० फेब्रुवारी २०२४ ला पडला. पाच आठवडे कमी आहेत. आज त्या गोष्टीला कितीही वर्षं झाली असली तरी दुरुस्ती सहसा मूळ दाखल तारखेपासून धरली जाते, त्या दिवशी दोन वर्षं झालेली नव्हती. इथे तारीख मागेपुढे करून दुरुस्ती मागणं तर सरळ खोटं प्रतिज्ञापत्र होईल. योग्य वाट म्हणजे आदेश २३ नियम १ खाली नवा अर्ज करण्याची परवानगी घेऊन जुना काढून घेणं, किंवा क्रूरतेची हकीकत खरोखर असेल तर त्या आधारावर चालणं. अर्ज काढून घेण्याआधी वकिलाला विचाराच. परवानगीशिवाय काढला तर त्याच कारणावर पुन्हा येता येत नाही.

कैफियतीत बदल करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. एकदा दिलेली कबुली दुरुस्तीने पुसता येत नाही. पगार अमुक आहे असं कैफियतीत मान्य केलं आणि खावटीचा हुकूम जवळ आल्यावर तो आकडा 'टायपिंगची चूक' म्हणून निम्मा करायचा, हे चालत नाही. आकड्याचा खुलासा मागता येतो, पगारपत्रकासह.

प्रतिज्ञापत्राकडे येऊ. नव्या मजकुराला नवं सत्यापन (मजकूर खरा असल्याचं सहीनिशी निवेदन) लागतं. आदेश ६ नियम १५ प्रमाणे कोणती कलमं स्वतःच्या माहितीवरून खरी आणि कोणती मिळालेल्या माहितीवरून खरी मानतो, हे क्रमांक देऊन सांगायचं असतं. पाकिटात जुनंच वाक्य चिकटवलेलं असतं: 'कलम १ ते १२ मधील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.' आता कलम ७अ कुठे गेलं? ते सत्यापनाबाहेर राहिलं. ही एक ओळ सही करण्याआधी स्वतः वाचा. प्रत्येक पानावर सही, शेवटी ठिकाण आणि तारीख.

आणि स्टॅम्प पेपर. 'प्रतिज्ञापत्र आहे, बॉन्ड लागेल' असं सांगून शंभर किंवा पाचशेचा मुद्रांक गळ्यात घालण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. न्यायालयात दाखल करण्यासाठीच केलेल्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर ते चालतं. नोटरीची फी वेगळी, पण न्यायालयातल्या नेमलेल्या अधिकाऱ्यासमोरही शपथ घेता येते. खावटी, घटस्फोट, कौटुंबिक हिंसाचार अशा कामांत महिलांना न्यायालयीन शुल्कही माफ आहे, तेव्हा दुकानाच्या बिलात महिलेच्या अर्जावर 'कोर्ट फी' अशी ओळ दिसली तर ती कशाची हे विचारा.

आता पाकिटात नसलेला, पण सगळ्यात महागात पडणारा भाग: हुकूम झाल्यानंतरचं काम. परवानगी मिळाली म्हणजे दुरुस्ती झाली, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. न्यायालयाने मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नाहीतर हुकुमापासून १४ दिवसांत मूळ अर्जावर ती प्रत्यक्ष लिहून घ्यावी लागते. आदेश ६ नियम १८ तेच सांगतो, आणि ती मुदत गेली तर न्यायालयाने वाढवून दिल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही. रीत अशी आहे: संबंधित लिपिकाकडून कामाची फाइल काढून घ्यायची, निशाणी १ वर, म्हणजे मूळ अर्जावर, वगळायचे शब्द लाल शाईने छेदायचे, नवे शब्द लाल शाईने लिहायचे, बाजूला सही आणि तारीख. मजकूर लांब असेल तर वेगळं पान जोडून मूळ जागी खूण करायची. खोडलेले शब्द वाचता आले पाहिजेत. पांढरी शाई लावू नका. त्यानंतर दुरुस्त प्रत समोरच्याला द्यायची आणि दिल्याची पोच कामात ठेवायची. दुरुस्ती अर्जासोबत खर्च भरण्याचा हुकूम असेल तर तो भरल्याची पावतीही त्याच दिवशी. हे सगळं राहिलं तर अंतिम युक्तिवादाच्या दिवशी निशाणी १ जुनीच असते आणि नवा आधार कागदावर नसतोच.

दुरुस्तीनंतर समोरच्याला जादा कैफियत देण्याची संधी मिळते आणि कधी साक्षीदार पुन्हा बोलवावा लागतो. म्हणजे काम लांबतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ चा अंतरिम खावटीचा (निकाल लागेपर्यंतच्या पोटगीचा) अर्ज प्रलंबित असेल तर दुरुस्ती अर्जामुळे तो थांबू देऊ नका. आधी खावटी ऐकावी, अशी वेगळी विनंती करा. कायद्यानेच तो अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढायला सांगितलं आहे.

खावटीच्या बाबतीत दुकानं आणखी एक अनावश्यक खटाटोप करतात. उत्पन्न बदललं, नोकरी गेली, भुसावळला रेल्वेत बढती मिळाली, की लगेच दुरुस्ती अर्ज. त्याची गरज नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालानंतर, ज्याला वकील मंडळी 'रजनेश-नेहा' म्हणून ओळखतात, दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि परिस्थिती बदलली तर सुधारित किंवा पूरक प्रतिज्ञापत्र देता येतं. दुसऱ्या एखाद्या कामात आधीच खावटीचा हुकूम झाला असेल तर तोही उघड करणं सक्तीचं आहे. टायपिंग सेंटरच्या नमुन्यात ती ओळ जवळजवळ कधीच नसते, ती स्वतः घालून घ्या.

फौजदारी बाजूच्या कामांना दिवाणीचा मथळा लावू नका. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची खावटी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली चालते. अशा अर्जावर 'आदेश ६ नियम १७' टाइप केलं की पहिला आक्षेप तयार. कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जात दुरुस्ती करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केलं आहे. तिथे त्या कायद्याच्या कलम २८ चा आधार द्यावा.

खान्देशात दोन गोष्टी या नमुन्यात हमखास अडतात. पहिली पत्त्याची. अर्धं गाव कामाला सुरतेला, उधन्याला. नोटीस 'पत्त्यावर मिळून येत नाही' शेऱ्यासह परत आली की पत्ता दुरुस्त करावा लागतो. इथे पाकीट उत्तम चालतं, फक्त जुना पत्ता वगळू नका. 'मूळ राहणार अमळनेर, हल्ली मुक्काम उधना' असे दोन्ही ठेवा आणि दोन्हीकडे नोटीस मागा.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. नमुन्यात पहिल्याच कलमात 'उभय पक्षकार हिंदू धर्मीय असून त्यांना हिंदू विवाह कायदा लागू आहे' असं छापील वाक्य येतं. नंदुरबार, धडगाव, शिरपूर, चोपडा, यावल या सातपुड्याच्या पट्ट्यातले भिल्ल, पावरा पक्षकार अनुसूचित जमातीचे असतात, आणि त्याच कायद्याच्या कलम २(२) प्रमाणे केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय तो कायदा त्यांना लागू होत नाही. मग समोरची बाजू अर्जच टिकत नाही म्हणते, आणि ते म्हणणं वजनदार असतं. हे 'हिंदू' शब्द खोडून निभावणारं प्रकरण नाही. जमातीची रूढी काय आहे, लग्न आणि काडीमोड कशा रीतीने होतात, पंचांपुढे काय झालं, ते नेमकं मांडावं लागतं, आणि कोणत्या प्रकारचा दावा करायचा हेच बदलू शकतं. खावटी आणि कौटुंबिक हिंसाचार या दोन वाटा मात्र जमातीच्या महिलांनाही खुल्या आहेत. रूढीनुसार फारकत झाली असं म्हणणाऱ्या इतर समाजांतल्या पक्षकारांनाही हेच लागू: हिंदू विवाह कायद्याचं कलम २९(२) रूढीची फारकत राखून ठेवतं, पण 'समाजाच्या रिवाजाप्रमाणे फारकत झाली' एवढ्या एका ओळीने ती सिद्ध होत नाही.

असल्या कामाला टायपिंग सेंटरऐवजी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो. १५१०० हा हेल्पलाइन क्रमांकही त्याच सेवेचा. तिथे वेळ जास्त लागतो, एका दिवसात कागद मिळत नाही, पण मसुदा करणारा माणूस तुमची निशाणी १ वाचून मसुदा करतो. तालुका कोर्टातही विधी सेवा समिती असते. अर्ज नामंजूर झाला तर खान्देशातल्या कामांसाठी उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली जावं लागतं. तो खर्च आणि वेळ धरला तर आधीच मसुदा नीट करून घेणं केव्हाही स्वस्त.

ज्यांना दुकानातूनच करून घ्यायचं आहे त्यांनी जाताना निशाणी १ ची आणि कैफियतीची पूर्ण झेरॉक्स, शेवटच्या तीन-चार तारखांचा रोजनामा आणि हाताने लिहिलेलं परिशिष्ट घेऊन जा. टायपिस्टला मजकूर सुचवायला सांगू नका, ते त्याचं काम नाही. छापायच्या आधी स्क्रीनवर वाचून घ्या. फाइल युनिकोडमध्ये मागा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा चुराडा होतो, आणि हुकूम झाल्यावर दुरुस्त प्रत करायला तीच फाइल लागते.